ऑर्नां गावची माती

मागील अंकात गुस्ताव्ह कूर्बे या फ्रेंच चित्रकाराचे ‘ऑर्नां येथील दफन’ हे चित्र आम्ही एका पानाच्या रुंदीत छापले होते. डोंगरकड्यांच्या पायथ्याशी एका गावातली चाळीसहून अधिक माणसे नुकत्याच खणलेल्या कबरीभोवती उभी आहेत, एवढेच त्या चित्राचे कथानक आहे. खाली दिलेल्या चार ओळींच्या टिपणाने वाचकांचे समाधान झाले नाही आणि या एकाच चित्राविषयी इतकी पत्रे आली की नेहमीचे संकीर्ण प्रश्न पुढच्या अंकावर टाकून या वेळचे सदर त्या चित्रालाच दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे सदराच्या शिरस्त्याप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न (गिरगाव): आपण छापलेले चित्र म्हणजे मध्ये दोन लाल ठिपके असलेला काळा पट्टा दिसतो. छपाई बिघडली की मूळ चित्रच असे आहे?

उत्तर: दोन्ही. मूळ चित्र ६६८ सेंटिमीटर रुंद आणि ३१५ सेंटिमीटर उंच आहे. आम्ही ते १८ सेंटिमीटर रुंदीत बसवले, म्हणजे सुमारे सदतीस पटींनी लहान केले. मूळ चित्रात माणसे हाडामांसाच्या माणसाएवढी आहेत. तिथला वीतभर चेहरा आमच्या पानावर सहा मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्याएवढा झाला. त्यातून कूर्बेची पद्धत अशी, की कॅनव्हासवर आधी गडद थर द्यायचा आणि त्या अंधारातून उजेडाकडे रंगवत यायचे. पांढऱ्या कागदावर शाईने छापताना हा सगळा क्रम उलटा होतो आणि सुतकाच्या कपड्यांतले काळ्याचे प्रकार एकमेकांत मिसळून जातात. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात या चित्रापुढे उभे राहण्याचा योग मला एकदा आला, तेव्हा झिजलेल्या कोटाचा, बायकांच्या अंगावरच्या ओढणीवजा वस्त्राचा आणि खांदेकऱ्यांच्या टोप्यांचा काळा रंग वेगवेगळा दिसला होता. आपल्या अंकात तो दिसला नाही, ही तक्रार मान्य आहे. छपाईतली दुसरी एक चूक याहून गंभीर आहे. तिचा उल्लेख शेवटच्या उत्तरात येईल.

प्रश्न (दादर): चित्रातली मृत व्यक्ती कोण? एवढे प्रचंड चित्र काढावे असा तो कोणी राजा, सेनापती किंवा संत होता काय?

उत्तर: आपला प्रश्न नेमका तोच आहे, जो १८५०-५१ मध्ये पॅरिसच्या वार्षिक सरकारी प्रदर्शनात, म्हणजे ‘सालों’मध्ये, हे चित्र पाहणाऱ्यांनी रागाने विचारला होता. शीर्षकात मृताचे नाव नाही. शवपेटी आच्छादनाखाली आहे आणि तीही चित्राच्या मध्यभागी नसून डावीकडे कडेला आहे. कूर्बेचे नात्याने आजोबा लागणारे क्लोद-एत्येन तेस्त यांचे हे दफन असावे, असा अभ्यासकांचा साधारण कल आहे. ते सप्टेंबर १८४८ मध्ये वारले. मात्र हे नाव चित्राबाहेरून कळते. चित्राने ते सांगण्याची तसदी घेतलेली नाही.

त्या सप्टेंबरचे आणखी एक महत्त्व आहे. फ्रान्समध्ये १८०४ च्या फर्मानाने चर्चच्या आत आणि भरवस्तीत मृतदेह पुरण्यास मनाई झाली होती, पण गावोगावी तो हुकूम अमलात यायला दशके लागली. पिढ्यान्‌पिढ्यांचे पूर्वज चर्चच्या सावलीत विसावलेले असताना आपल्या माणसाला गावाबाहेरच्या मोकळ्या रानात नेऊन ठेवायला लोक तयार होत नाहीत, हे समजण्यासारखे आहे. ऑर्नांमध्येही यावरून पुष्कळ वाद झाला आणि अखेर गावाबाहेरची नवी दफनभूमी १८४८ मध्ये सुरू झाली. चित्रात मागे जे चुनखडीचे उभे कडे दिसतात, ते लू नदीच्या खोऱ्यातले, त्या नव्या जागेवरून दिसणारे कडे आहेत. मुंबईकरांना हा प्रकार परका वाटू नये. गिरगावात कोणी वारले की ‘सोनापूरला गेला’ असे म्हणण्याचा जो जुना प्रघात होता, त्यातले सोनापूर, म्हणजे तिथले स्मशान, वस्तीला अगदी खेटून होते, आणि शहर फुगत गेले तसे १८६० च्या दशकात ख्रिस्ती दफनासाठी शिवडीची जागा घ्यावी लागली. तेव्हा या चित्रातली माणसे एका आप्ताला पोचवायला आली आहेत हे खरेच. पण गावाने मृतांना दिलेली नवी जागाही ती पहिल्यांदाच नीट पाहत आहेत.

आता आकाराविषयी. चित्राचे क्षेत्रफळ सुमारे २२६ चौरस फूट भरते. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, हे लक्षात घेतले तर आकाराचा अंदाज येईल. त्या काळच्या फ्रेंच चित्रकलेत एवढा पट देवदेवतांना, पुराणकथांना, लढायांना आणि राज्याभिषेकांना राखलेला असे. त्या प्रकाराला ‘इतिहासचित्र’ म्हणत आणि तो सर्वांत वरच्या दर्जाचा मानला जाई. खेड्यातले प्रसंग काढायला कोणाची हरकत नव्हती, पण ते हातभर चौकटीत आणि जरा गोडवा घालून काढावेत, असा संकेत होता. कूर्बेने प्रदर्शनासाठी दिलेल्या शीर्षकातच कुरापत काढली. ‘मानवी आकृत्यांचे चित्र, ऑर्नां येथील एका दफनाचा इतिहास’ असे त्याचे पूर्ण शीर्षक होते. ज्याचे नावही सांगितलेले नाही अशा गावकऱ्याच्या मातीला ‘इतिहास’ म्हणणे हा त्या काळी उद्धटपणाच होता.

असे चित्र परीक्षकांनी आत कसे येऊ दिले, असाही प्रश्न दोघांनी विचारला आहे. त्याचे कारण मौजेचे आहे. आदल्या १८४९ च्या सालोंमध्ये ‘ऑर्नां येथील जेवणानंतर’ या चित्राबद्दल कूर्बेला सुवर्णपदक मिळाले होते, आणि पदकविजेत्याचे पुढचे काम परीक्षकांपुढे ठेवावे लागत नसे. त्या सवलतीचा त्याने पुरेपूर उपयोग करून घेतला. १८५५ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी ती सवलत कामी आली नाही आणि हे चित्र नाकारले गेले, तेव्हा त्याने शेजारीच स्वतःचा मंडप उभारला आणि तिथे ते लावले.

प्रश्न (गोराई): आम्ही ख्रिस्ती आहोत. आमच्याकडे शवपेटी कबरीत उतरवली की प्रार्थना होते आणि मग घरच्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. चित्रात एकही माणूस माती टाकताना दिसत नाही. फ्रान्समध्ये ती रीत नव्हती काय? चित्रातील विधीचा क्रम समजावून सांगावा.

उत्तर: माती टाकण्याची वेळ अजून आलेली नाही, म्हणून ती दिसत नाही. कूर्बेने निवडलेला क्षण विधीच्या आधीचा, नुसता वाट पाहण्याचा आहे. चित्र डावीकडून उजवीकडे वाचले तर क्रम सहज लागतो.

अगदी डावीकडे शवपेटी येते आहे. तिच्यावर पांढरे आच्छादन आहे आणि त्यावर काळ्या खुणा आहेत. खांदेकऱ्यांच्या डोक्यावर रुंद काठाच्या काळ्या टोप्या आणि हातांत पांढरे मोजे आहेत. त्यांच्या पुढ्यात वेदीसेवक मुले आहेत, पवित्र पाण्याचे भांडे घेऊन. त्यातल्या एकाचे लक्ष विधीत नाही. तो मान वर करून शेजारच्या खांदेकऱ्याच्या तोंडाकडे पाहतो आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या सुतकाचा अर्थ लागत नाही, पण मोठा माणूस त्या वेळी कसा दिसतो याचे भयंकर कुतूहल असते, हे ज्याने गावची एखादी माती लहानपणी पाहिली आहे त्याला सांगायला नको. त्यानंतर धर्मगुरू काळ्या विधिवस्त्रात पुस्तक उघडून उभे आहेत. त्यांच्यामागे लांब दांड्यावरचा क्रूस उंच धरलेला आहे. कड्यांची आडवी रेघ ओलांडून आकाशात शिरणारी चित्रात एवढीच एक वस्तू आहे. बाकी सगळे, धर्मगुरूंसह, कड्यांच्या खालीच राहते.

मध्यभागी कबर खोदणारा एक गुडघा टेकून बसला आहे. त्याने कोट काढून ठेवलेला आहे, अंगात शर्टाच्या बाह्या आहेत, आणि शवपेटीच्या दिशेने त्याची मान वळलेली आहे. चित्रातल्या सगळ्या लोकांत काम करायला आलेला तो एकटाच, आणि नेमक्या त्याच्याच बसण्यात सर्वांत अधिक आदब दिसते, असे मला वाटते. तुमच्या शिवडीच्या, गोराईच्या किंवा वसईच्या दफनभूमीत हा माणूस आजही असतो. विधी संपेपर्यंत तो फावडे टेकवून अंतरावर उभा राहतो आणि फोटोत कधी येत नाही. कूर्बेने त्याला कबरीच्या काठावर, चित्राच्या ऐन मध्यात बसवले आहे.

त्याच्या बाजूला मातीत एक कवटी पडलेली आहे. जुन्या दफनभूमीत खणताना आधीच्या पिढीची हाडे वर येणे नित्याचेच असते, म्हणून बरेच जण तिच्याकडे निरीक्षणातला एक तपशील म्हणून पाहतात. पण ही दफनभूमी तर नवी होती. तिथे आधीचे कोणी नव्हतेच. तेव्हा ती कवटी ऑर्नांच्या जमिनीतून न निघता जुन्या ख्रिस्ती चित्रपरंपरेतून आलेली असावी, हे माझे मत आहे. क्रूसाखाली आदिपुरुष आदामाची कवटी दाखवण्याचा संकेत त्या परंपरेत शेकडो वर्षांचा आहे, आणि इथेही क्रूस वर नि कवटी खाली अशीच मांडणी आहे. वास्तवाचा आग्रह धरणाऱ्या चित्रकारानेही जुन्या घरातली एखादी वस्तू ठेवून दिली, असे म्हणता येईल.

कबर चौकटीच्या खालच्या कडेने कापली गेली आहे. तिचा अलीकडचा काठ चित्रात नाही. मूळ चित्र भिंतीवर लावलेले असते तेव्हा तो काठ जिथे असायला हवा तिथे पाहणारा उभा असतो.

मराठीतला एक शब्दप्रयोग इथे आठवतो. सातारा-सांगलीकडच्या गावांत अंत्यसंस्कार दहनाने व्हायचा असला, तरी लोक ‘माती कधी आहे?’ असेच विचारतात आणि ‘मातीला जाऊन आलो’ असे सांगतात. लिंगायत, महानुभाव, नाथपंथी यांच्यात पुरण्याचीच चाल आहे, आणि इतरांतही लहान बाळाला पुरतात, संन्याशाला समाधी देतात. पण ज्यांच्याकडे चिता रचतात त्यांच्याही तोंडी शब्द मातीचाच आहे. म्हणून ‘दफन’ या पुस्तकी शब्दाऐवजी ‘ऑर्नां गावची माती’ असे म्हटले तर हे चित्र मराठी माणसाला चटकन जवळचे होईल, असे मला वाटते, आणि या सदराला तेच नाव दिले आहे.

प्रश्न (विलेपार्ले): माझ्या लहानपणी आमच्या घरातील बायका दारापर्यंतच जात. या चित्रात उजवीकडचा जवळजवळ अर्धा समुदाय स्त्रियांचा आहे. तिकडे स्त्रियांना मोकळीक होती, असे समजावे काय?

उत्तर: कबरीपर्यंत येण्याची मोकळीक होती, मिसळण्याची नव्हती. चित्र जरा लांब धरून पाहिले तर मधल्या पुरुषांचा आणि उजवीकडच्या बायकांचा असे दोन वेगळे गट पडलेले दिसतील. चर्चमध्ये बसताना आणि अंत्ययात्रेत चालताना पुरुषांनी एका अंगाला आणि बायकांनी दुसऱ्या अंगाला राहावे, हा तिथला रिवाज होता आणि कूर्बेने तो जसाच्या तसा ठेवला आहे. रडण्याचे कामही बहुतांशी बायकांच्या वाट्याला आलेले आहे. डोळ्यांना आणि तोंडाला लावलेले पांढरे रुमाल पाहावेत. काळ्या समूहात त्या रुमालांचे आणि म्हाताऱ्या बायकांच्या पांढऱ्या टोप्यांचे तुकडे चमकतात आणि नजर त्यांवरून टप्प्याटप्प्याने पुढे सरकते. त्या बायकांत कूर्बेच्या तिन्ही बहिणी, झोए, झेली आणि ज्युलिएत, उभ्या आहेत. अगदी उजवीकडे त्याची आई एका लहान मुलीला घेऊन उभी आहे.

यातील धाकट्या ज्युलिएतनेच भावाच्या मृत्यूनंतर, १८८१ मध्ये, हे चित्र फ्रेंच सरकारला देऊन टाकले. ज्या चित्रात आपण रडत उभ्या आहोत ते चित्र दान करण्याचा प्रसंग फार थोड्यांवर येत असेल.

प्रश्न (काळाचौकी): लाल पोशाखातील दोन माणसे दारू प्यालेली दिसतात. मयताच्या प्रसंगी अशी थट्टा करणे चित्रकाराला शोभते काय? गावकऱ्यांना राग आला नाही का?

उत्तर: गावकऱ्यांना राग आला नाही, राग पॅरिसकरांना आला. ते दोघे चर्चचे चोपदार आहेत. लाल झगा आणि लाल टोपी हा त्यांचा मानाचा पोशाख. तो ते विधीपुरता अंगावर चढवीत. एरवी त्यांतला एक द्राक्षमळ्यात राबणारा आणि दुसरा जोडे शिवणारा होता. त्यांची नाके लाल आहेत हे खरे आहे, आणि द्राक्षांच्या मुलुखात ती कशाने लाल झाली असतील याविषयी मी कूर्बेची बाजू घेणार नाही. पण थट्टेच्या चित्रात माणसाला एकाच गुणावर आणून ठेवलेले असते. इथे त्याच दोघांची उभे राहण्याची ढब, पोशाखाच्या निऱ्यांची ऐट, आणि आजच्या दिवशी आपले काही काम आहे याची जाणीव तितक्याच आस्थेने रंगवलेली आहे. गणेशोत्सवात मंडळाचा बिल्ला छातीवर लावून मिरवणारा शेजारी आपण पाहतो, तेव्हा हसू येते आणि आपुलकीही वाटते, त्या जातीची ही नजर आहे.

गावकऱ्यांविषयी तर कूर्बेचे स्वतःचे पत्र उपलब्ध आहे. लेखक मित्र शांफ्लरी याला लिहिताना तो सांगतो, की इथे चित्रासाठी माणसे मिळायला काहीच तोशीस पडत नाही, प्रत्येकालाच चित्रात यायचे आहे आणि सगळ्यांची हौस पुरवणे अशक्य असल्याने वैरी मात्र निर्माण होतील. मेयर, धर्मगुरू, नोटरी, न्यायदान करणारा अधिकारी असे एकेक जण त्याच्या चित्रशाळेत येऊन उभे राहिले. पुरे झालेले चित्र पॅरिसला नेण्याआधी त्याने १८५० मध्ये ऑर्नांमध्ये, नंतर बझांसों आणि दिजों येथे लोकांपुढे मांडले होते. स्वतःच्या चेहऱ्याची थट्टा झाली आहे असे ज्याला वाटते तो माणूस दुसऱ्याला बोलावून ती दाखवत नाही.

पॅरिसमध्ये ‘कुरूपतेची पूजा’ म्हणून जो गहजब झाला, त्यामागचे एक कारण कपड्यांत आहे, असे काही अभ्यासक मानतात आणि मला ते पटते. १८४८ ची क्रांती नुकतीच होऊन गेली होती, सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला होता, आणि खेड्यातला माणूस आता काय करील याची शहरी माणसाला धास्ती होती. खेडूत म्हणजे सैल अंगरख्यातला भोळा, दारिद्र्यातही समाधानी इसम, अशी त्याची समजूत. या चित्रातले गावकरी पॅरिसकराच्याच तोलाचे काळे कोट घालून उभे आहेत. त्यांचे चेहरे रापलेले आहेत, पण कोट दोघांचे सारखेच! गावाकडचा माणूस फेट्यातच शोभतो असे मानणारे मुंबईकर आपल्याकडेही आहेत आणि तो जीनची पँट घालून पुढ्यात आला की त्यांना काहीतरी बिघडल्यासारखे वाटते. त्या बिघडण्याचा राग कलेच्या भाषेत सांगितला की त्याला ‘कुरूपता’ म्हणतात.

दुसरे कारण असे की, कोणत्या भावनेने पाहावे हे चित्र सांगत नाही. एल ग्रेकोने १५८६ ते १५८८ या काळात तोलेदोच्या सांतो तोमे चर्चसाठी रंगवलेले ‘काउंट ऑर्गाझचे दफन’ यासोबत ठेवून पाहावे. तिथे खाली दोन संत स्वतः मृतदेह उचलून धरतात आणि वर स्वर्ग उघडून मृताच्या आत्म्याला आत घेतो. पाहणाऱ्याने काय मानायचे ते ठरलेले आहे. ऑर्नांच्या आकाशात काही उघडत नाही. कोणी रडतो, कोणी पुस्तक वाचतो, कोणी शेजाऱ्याकडे पाहतो, आणि पुढे उभा असलेला कुत्रा कबरीकडे पाठ फिरवून भलतीकडेच पाहतो. कित्येक वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका आप्ताच्या मातीला मी गेलो होतो. चिता पेटली तेव्हा माझ्या शेजारचे गृहस्थ घड्याळाकडे पाहत होते, कारण शेवटची एस.टी. साडेसहाची होती, आणि मृताच्या धाकट्या भावाने, डोळे पुसता पुसताच, त्यांना हळूच सांगितले की आज गाडी उशिरा आहे. त्या क्षणी मला ते विचित्र वाटले होते. या चित्रापुढे उभा राहिलो तेव्हा वाटले नाही.

प्रश्न (बोरिवली): मिले या चित्रकाराच्या ‘संध्याप्रार्थना’ चित्रात टोपलीखाली बाळाची शवपेटी दडली आहे, हे खरे काय? आपल्याकडे अशा विषयाची चित्रे आहेत काय?

उत्तर: मिलेचे ‘आंजेल्युस’ १८५७ ते १८५९ मधले आहे आणि आकाराने जेमतेम वर्तमानपत्राच्या उघडलेल्या दोन पानांएवढे आहे. शेतात बटाटे काढणारे जोडपे चर्चची घंटा ऐकून थांबले आहे. टोपलीच्या जागी आधी शवपेटी असावी, असा तर्क चित्रकार साल्वादोर दालीने केला होता आणि क्ष-किरण तपासणीत रंगाखाली एक आयताकृती आकार दिसलाही. पण आयत दिसला म्हणजे शवपेटी सिद्ध होत नाही. मृतांशी या चित्राचा संबंध जोडायला ती लागतही नाही. घंटा झाली की आपली आजी शेतातले काम थांबवून बिचाऱ्या मृतांसाठी प्रार्थना म्हणायला लावत असे, त्या आठवणीतून हे चित्र सुचले, असे मिलेनेच सांगून ठेवले आहे.

रशियन चित्रकार वासिली पेरोव्ह याचे १८६५ मधले ‘अखेरचा निरोप’ या आशयाचे छोटे चित्र मिळाल्यास अवश्य पाहावे. बर्फातून जाणारी एक घसरगाडी, तिच्यावर शवपेटी आणि दोन मुले, आणि घोडा हाकणाऱ्या विधवेची पाहणाऱ्याकडे वळलेली वाकलेली पाठ. तिथे ना गाव, ना धर्मगुरू, ना खांदेकरी. ऑर्नांमध्ये जे सगळे आहे ते इथे नाही, आणि एका शेतकऱ्याला पोचवायला माणसे लागतात हे त्या नसण्यातून कळते.

आपल्याकडे चित्तप्रसाद यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात गावोगावी फिरून शाईने मृत आणि मरणोन्मुख माणसे रेखाटली. हेच चित्तप्रसाद पुढे मुंबईत येऊन अंधेरीला राहिले. त्या रेखाटनांत अंत्यविधी नाहीत, कारण विधी करायला कोणी उरलेच नव्हते. कूर्बेच्या चित्राची जोडी त्यांच्याशी लागत नाही, पेरोव्हच्या चित्राची लागते.

प्रश्न (मुलुंड): या चित्रात चित्रकाराचे वारलेले आजोबाही उपस्थित आहेत, असे मी एका व्याख्यानात ऐकले. आपल्या अंकातील चित्रात भिंग घेऊन शोधले, पण सापडले नाहीत. ते कोठे आहेत?

उत्तर: व्याख्यात्यांनी सांगितले ते खरे आहे. कूर्बेचे आईकडचे आजोबा ज्याँ-आंत्वान उदो ऑगस्ट १८४८ मध्ये, म्हणजे तेस्त यांच्या आधी महिनाभर, वारले. कूर्बेने हे चित्र १८४९ मध्ये हाती घेतले. बाकीची माणसे त्याने समोर उभी करून रंगवली. आजोबांना आठवणीतून आणायचे होते. चित्रशाळाही त्याला त्यांच्याच घरात, माळ्यावर मिळाली होती, आणि ती इतकी अरुंद होती की एवढ्या चित्रापासून मागे सरून ते एका नजरेत पाहायला त्याला जागा नव्हती.

आजोबा १७९३ च्या क्रांतिकाळातल्या प्रजासत्ताकवाद्यांपैकी होते. कबरीच्या उजव्या काठाशी गुडघ्यापर्यंतच्या विजारी आणि लांब मोजे घातलेले जे दोन म्हातारे उभे आहेत, तेही त्याच पिढीतले. पन्नास वर्षांपूर्वीचा तो वेश चित्रात दुसऱ्या कोणाच्याही अंगावर नाही. त्यांतल्या एकाने कबरीवर हात पुढे केलेला आहे. तो काही सांगतो आहे की निरोप देतो आहे, हे पाहणाऱ्याने ठरवावे. आपल्याकडे श्राद्धाला पितरांना बोलावतात, त्यांचे पान मांडतात. कूर्बेचे कूळ पडले रोमन कॅथलिक आणि तो स्वतः तर धर्मकर्मापासून चार हात दूर राहणारा. तरीही त्याने एका मृताला दुसऱ्या मृताच्या अंत्ययात्रेत आणून उभे केले, आणि तेही अशा बेताने की कोणी सांगितल्याखेरीज कळू नये. गर्दीतल्या जिवंतांपेक्षा ते वेगळे रंगवलेले नाहीत. तेवढेच ठळक आणि तेवढेच पुसट आहेत.

त्यांची जागा अगदी डावीकडे, चौकटीच्या कडेला, खांदेकऱ्यांच्या मागे आहे. भिंग घेऊनही आपल्याला ते सापडले नाहीत याचे कारण असे, की मागील अंकाची बांधणी करताना पानाच्या डाव्या कडेची जी छाटणी झाली तीत चित्राची सुमारे अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी गेली, आणि आमच्या प्रमाणात आजोबांच्या वाट्याला तेवढीच जागा आली होती. तो डावीकडचा भाग मोठा करून या अंकाच्या शेवटच्या पानावर छापला आहे.